आजीचे धवले

आमच्या गावाच्या नावातच एक अडचण आहे. इतिहासाच्या पुस्तकांत ते 'अणजूर' असे भेटते, पाट्यांवर आणि कागदपत्रांत बहुधा 'अंजूर' असते आणि आमच्या आजीच्या तोंडी ते 'अनजूर' होते. आजीच्या बोलीत 'ण' नव्हताच. 'ळ' ही नव्हता. पाणी म्हणजे पानी, डोळा म्हणजे डोला, आणि घोडा म्हणजे घोरा. पुढे आम्ही दोघी मराठी घेऊन एम.ए. झालो, प्राध्यापिका झालो, आणि गेली वीस-बावीस वर्षे वर्गात 'ण' आणि 'न' यांतला भेद फळ्यावर लिहून दाखवीत आहोत. तेव्हा बालपणाविषयी लिहायला बसलो की पहिला प्रश्न हाच पडतो, की ते कोणत्या मराठीत लिहायचे. ज्या भाषेत ते घडले त्या भाषेत आता आमच्याच्याने चार वाक्ये सलग लिहिली जात नाहीत. आणि ज्या भाषेत लिहितो आहोत तिच्यात ते घडलेले नाही.

'आम्ही' म्हणजे दोघी चुलत बहिणी. एकाच घरात, एकाच पडवीत वाढलो. वयात दोन वर्षांचे अंतर. आता एक ठाण्याकडे शिकवते, दुसरी रायगडात. हा मजकूर दोघींनी मिळून लिहिला आहे. जिथे आठवणी जुळल्या नाहीत तिथे भांडणही झाले आहे, त्याचे तपशील वगळतो.

अंजूर हे भिवंडी तालुक्यातले, उल्हास नदीच्या खाडीकडचे गाव. लोकांना ठाऊक असतो तो अंजूरफाटा. तो गावाच्या नावाचा असला तरी गावापासून चांगला लांब, भिवंडी शहराच्या तोंडाशी आहे. ठाण्याहून येणारी बस, रिक्षांचा गोंगाट, जवळच 'भिवंडी रोड' हे रेल्वे स्थानक आणि आता डोक्यावरून जाणारे मेट्रोचे खांब, हे सारे फाट्याचे. 'तुम्ही अंजूरच्या? म्हणजे अंजूरफाट्याच्या ना?' हा प्रश्न आम्ही आयुष्यात इतक्यांदा ऐकला आहे की पुढे पुढे आम्ही नुसती मान डोलवू लागलो. गाव स्वतःच्याच फाट्यामागे हरवण्याचे हे उदाहरण तसे दुर्मीळ नसेल. परंतु आमच्या पुरते ते एकमेव आहे.

ज्यांना इतिहासाची आवड आहे त्यांना मात्र गावाचे नाव वेगळ्या कारणाने ठाऊक असते. गंगाजी नाईक अणजूरकर इथले. साष्टी आणि वसई पोर्तुगीजांकडून घेण्यासाठी चिमाजी आप्पांची जी मोहीम १७३७ मध्ये सुरू झाली आणि १७३९ च्या मे महिन्यात वसईच्या शरणागतीने संपली, तिच्या आखणीत आणि तयारीत या नाईक घराण्याचा मोठा वाटा होता. गावात नाईकांचा वाडा आहे, सिद्धिविनायकाचे मंदिर आहे, आणि माघी गणेशोत्सवाला आम्ही मुले नवे कपडे घालून तिथे जात असू. वाड्याच्या जुन्या लाकडाचा गार वास आणि देवळातल्या उदबत्तीचा वास एकमेकांत मिसळून जे काही होई तोच आमच्या लेखी 'इतिहास' या शब्दाचा वास होता. वसईच्या मोहिमेवर आम्ही शाळेत निबंध लिहिले, वक्तृत्व स्पर्धेत भाषणे केली, एक चषकही मिळवला. आमच्या घरातही एक परंपरा चालत आलेली आहे आणि ती वसईच्या मोहिमेहून जुनी असू शकेल, हे आमच्या गावीही नव्हते.

घर आगरी वळणाचे. पुढे ओटी, मग पडवी, मधले अंधारे घर, मागे चूल आणि परसू. पावसाळ्याच्या तोंडी राब भाजल्याचा धूर, मग आवणी, मग दिवाळीच्या सुमारास कापणी, खळ्यावर मळणी, उडव्या रचलेल्या, पेंढ्यात खेळून अंगाला सुटलेली खाज. खाडीच्या बाजूला खारे पाणी भातात शिरू नये म्हणून घातलेले बांध, आणि ओहोटीला चिखलात निवट्या पकडायला गेलेली मुले. जेवायला तांदळाची भाकर आणि कोलंबीचे किंवा सुक्या माशांचे कालवण. चिंबोऱ्या मिळाल्या तर तो सण. हे सगळे लिहिताना हात सैल सुटतो, हे आम्हाला कळते. मराठीत गावाकडच्या आठवणींचे एक तयार वाङ्मय आहे आणि त्यात आजीची गोधडी, विहिरीचे पाणी, चुलीवरची भाकर यांच्या जागा ठरलेल्या आहेत. वर्गात आम्ही याला 'स्मरणरंजन' असा शब्द वापरतो आणि जरा नाक मुरडूनच वापरतो. म्हणून इथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो: आवणीचे दिवस आम्हाला गोड आठवतात, कारण आम्ही बांधावर बसलेलो असायचो. चिखलात वाकलेल्या आमच्या आया होत्या. त्यांना विचारले तर त्या पावसाबद्दल बोलत नाहीत, कमरेबद्दल बोलतात.

पाचवीपासून आम्ही भिवंडीतल्या शाळेत जाऊ लागलो. भिवंडी म्हणजे आमच्यासाठी शहर. तीन बत्ती, मंडई, कापडाची दुकाने, आणि गल्लीबोळांतून, बंद दारांआडून येणारी यंत्रमागांची अखंड खटखट. ती इतकी अखंड असे की आठवड्याची सुट्टी किंवा वीज गेल्यावर ती थांबली की माणसे दचकून बाहेर येत. शाळेत आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळले की आम्ही बोलतो ते चुकीचे आहे. एकीने वर्गात उभे राहून धडा वाचताना 'काळोख' या शब्दाचे 'कालोक' केले. बाईंनी तो शब्द तीनदा म्हणायला लावला. त्या रागावल्या नाहीत, उलट फार प्रेमाने म्हणाल्या, 'अगं, जीभ जरा वर वळव.' वर्ग हसला. बाई वाईट नव्हत्या. आज आम्ही त्यांच्या जागी उभ्या आहोत म्हणून हे खात्रीने म्हणू शकतो. पण त्या दिवशी संध्याकाळी फाट्यावरून गावाकडे येताना आम्ही दोघींनी सारी वाट जीभ वर वळवण्याचा सराव केला. काळोख, डोळा, केळे, बाळ, गाळ. घरी पोचेपर्यंत जमले. मग आम्ही घरच्यांना शिकवू लागलो. आजीने 'पानी' मागितले की आम्ही 'पाणी' असे स्पष्ट म्हणून तांब्या पुढे करायचो. तिला ते आमचे कौतुक वाटे. ती शेजारणींना सांगे की पोरी बामनासारख्या बोलतात.

भिवंडी म्हटले की पुढे बाहेरच्यांना एकच गोष्ट आठवे, हेही आम्हाला फार लवकर कळले. १९७० ची दंगल आमच्या जन्माआधीची. १९८४ ची आठवण आम्हाला घरातल्यांच्या बोलण्यातून आलेली. डिसेंबर १९९२ मात्र आमचा स्वतःचा आहे. शाळा बंद, बस बंद, रात्री ओटीवर पुरुषमंडळी जागी, आणि मुंबईच्या बातम्यांनी घरातले सगळे गप्प. त्या वेळी मुंबई पेटली आणि भिवंडी शांत राहिली. पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ नंतर तिथे उभ्या केलेल्या मोहल्ला कमिट्यांचा त्यात मोठा हात होता, असे आता मानले जाते. आम्हाला तेव्हा इतकेच कळले की शाळा पुन्हा सुरू झाली आणि वर्गातली सगळी मुले-मुली हजर होती. असे असूनही विद्यापीठात 'आम्ही भिवंडीच्या' म्हटल्यावर समोरचा 'दंगल' किंवा 'लूम' यांपैकी काहीतरी म्हणेच. कदाचित म्हणूनच आमच्याकडचे आणखी काही सांगायचा उत्साह आम्हाला कधी झाला नसावा. असो, हे कारण पुरेसे नाही. खरे कारण पुढे येते.

आमची आजी धवलारीण होती.

हा शब्द सगळ्याच वाचकांना ठाऊक नसेल. आगरी समाजात लग्न लावायचे ते धवलारणीने, अशी जुनी रीत. ती बाईच असते. मांडव पडल्यापासून लग्न पार पडेपर्यंतचे विधी तिच्या गाण्याने पुढे सरकतात. ती जे गाते ते धवले. देवांना मांडवात बोलवायचे असते. गावदेवीला, कुळाच्या देवाला, सूर्याचंद्राला, खाडीपलीकडच्या देवांनाही. प्रत्येकाला नाव घेऊन, वाटेने येताना काय काय लागेल ते सांगत सांगत आणायचे. हळदीचे वेगळे, घागरीचे वेगळे, नवरा निघतो तेव्हाचे वेगळे. चाल संथ, जवळजवळ एकसुरी. एक ओळ धवलारीण म्हणते आणि बाकीच्या बाया ती झेलतात. हे वाचून दाखवायचे साहित्य नव्हे. आजीला अक्षरओळख नव्हती. तिला किती धवले येत होते हे आम्ही मोजले नाही, पण लग्नाचे दोन-तीन दिवस ती जवळजवळ न थांबता गाई आणि एकदा म्हटलेले पुन्हा म्हणत नसे. बदल्यात तिला लुगडे, नारळ, तांदूळ मिळत आणि वर मान. पंचक्रोशीतून तिला न्यायला माणसे येत. आमच्या लहानपणी ती लग्नसराईत घरी अशी नसेच. कितीतरी रात्री आम्ही कुणाच्या तरी मांडवात, तिच्या मांडीवर डोके ठेवून, तिच्या पोटातून येणारा तो आवाज ऐकत झोपलो आहोत.

१९९९ मध्ये आमच्या थोरल्या भावाचे लग्न ठरले. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो, दोघी भिवंडीहून रोज ये-जा करीत होतो आणि मैत्रिणींना लग्नाला बोलवायचे ठरले होते. घरात बोलणे निघाले की लग्न कसे करायचे. काका म्हणाले, आता सगळीकडे भटजी बोलवतात, हळदीला बेंजो असतो, लोकांना धवले ऐकायला वेळ नसतो. ते एकवेळ ठीक. त्यांच्या डोळ्यासमोर नात्यातली माणसे होती. पण आम्हाला कुणी विचारले नसतानाही आम्ही बोललो. मैत्रिणी येणार, प्राध्यापक येणार, त्यांच्यासमोर ते रात्रभर चालणारे गाणे, ते उच्चार, हे सगळे कसे दिसेल, असे आम्हीच म्हणालो. 'कसे दिसेल' हे शब्द आम्हाला नेमके आठवतात. त्यांच्याबद्दल दोघींचे एकमत आहे. आजी चुलीपाशी बसली होती. तिने काही म्हटले नाही. लग्न भटजींनी लावले. मंगलाष्टके झाली. पंचक्रोशीतली लग्ने जिने लावली ती बाई स्वतःच्या नातवाच्या मांडवात खुर्चीवर नवे लुगडे नेसून पाहुणीसारखी बसली होती, आणि फोटोंमध्ये ती प्रत्येक ठिकाणी सरळ कॅमेऱ्याकडे पाहते आहे.

दोन वर्षांनी आम्ही एम.ए.च्या वर्गात होतो. मध्ययुगीन वाङ्मयाचा तास होता आणि विषय महदंबेचे धवळे. विद्यार्थ्यांना हे ठाऊकच आहे, तरी थोडक्यात सांगतो. महदंबा, अर्थात महदाइसा, ही महानुभाव पंथातली, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातली; मराठीची आद्य कवयित्री म्हणून तिचे नाव घेतले जाते. रिद्धपूरला गोविंदप्रभूंनी लग्न करण्याचा हट्ट धरला, भक्तांनी तो लुटुपुटीचा सोहळा मांडला, आणि त्या प्रसंगी महदाइसेने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे म्हटले, अशी कथा आहे. मराठीतल्या पहिल्या ज्ञात कवयित्रीची ही पहिली रचना म्हणजे लग्नातले गाणे. सर शिकवीत होते तेव्हा आम्ही दोघी शेजारी बसलो होतो. 'धवळे' हा शब्द फळ्यावर लिहिलेला होता, त्यातला 'ळ' ठळक. सरांनी सांगितले की हा प्रकार महदंबेच्याही आधीचा आहे. शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकरा'त 'धवल' नावाचा प्रबंध आहे, आणि लोकपरंपरेत धवळे अजूनही कुठेकुठे गायले जातात असे म्हणतात. मग त्यांनी वर्गाला विचारले, कुणी ऐकले आहेत का?

आम्ही गप्प बसलो. एकमेकींकडे पाहिलेसुद्धा नाही. सर पुढच्या मुद्द्याकडे वळले.

या गप्प बसण्याचा आम्ही पुढे पुष्कळ विचार केला आहे. लाज होती हे उघड आहे. पण ती केवळ आगरी असण्याची लाज नव्हती. तितके सोपे असते तर ते विसरता आले असते. हात वर केला असता तर पुढचा प्रश्न आला असता, 'एखादा म्हणून दाखवा'. आणि आम्हाला एकही येत नव्हता. इतकी वर्षे त्या मांडवांत झोपून एकही नाही. शिवाय दुसरेही एक होते. तोवर आमच्या डोक्यात 'वाङ्मय' हा शब्द असा काही बसला होता की फळ्यावरचे 'धवळे' आणि आजीचे 'धवले' हे एकच असू शकतील, हे कळायला त्या तासाची चाळीस मिनिटे लागली. 'ळ' आणि 'ल' यांच्यात सातशे वर्षे पडली होती. ती आमच्या जिभेने पाडली होती.

पुढे लोकसाहित्याच्या अभ्यासात शिरल्यावर या दरीची जाणीव वाढतच गेली. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त सोमेश्वराने महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओव्या गातात अशी नोंद केली आहे. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या गोळा केल्या, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे आयुष्य वेचले. जात्यावरची ओवी मराठी वाचकाच्या मायेचा विषय झाली. धवल्यांच्या वाट्याला ते भाग्य फारसे आले नाही. आमचा तर्क असा, की ओवी म्हणणारी बाई एकटी, दळत, सासर-माहेर आठवत असते. तिची करुणा वाटणे सोपे जाते. धवलारीण मांडवाच्या मध्यभागी असते. ती लग्न लावते. तिच्या शब्दावाचून नवरानवरी पुढे सरकत नाहीत. पौरोहित्य करणारी निरक्षर स्त्री ही आपल्या लोकसाहित्यप्रेमी मनालाही जरा अवघड जाते. हा तर्कच आहे. कुणी खोडला तर आम्ही ऐकू.

२००४ च्या उन्हाळ्यात, दोघींनाही नुकत्याच नोकऱ्या लागल्या होत्या तेव्हा, आम्ही टेपरेकॉर्डर आणि चार कोऱ्या कॅसेट घेऊन गावी गेलो. आजी तेव्हा ऐंशीच्या आसपास असावी. जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती. लग्नसराई संपत आली होती आणि तिला आता कुणी बोलावीत नव्हते. आम्ही तिच्यापुढे पडवीत रेकॉर्डर ठेवला, बटण दाबून दाखवले, आणि म्हटले, आजी, तुझे धवले म्हण. ती हसली. मग म्हणाली, 'मांडव नाय त धवला कसा गो?'

आम्ही समजावले. नुसते म्हण, आम्हाला लिहून घ्यायचे आहे, हे आता विद्यापीठात शिकवतात. विद्यापीठ या शब्दाचा तिच्यावर काही परिणाम झाला नाही. तिचे म्हणणे सरळ होते. धवला म्हटला की देव येतात. आले की त्यांना कुठे बसवणार? लग्न नसताना बोलावले तर ते कशासाठी आलो म्हणून विचारणार. आम्ही तिच्याशी अर्धा तास वाद घातला, त्यात 'संहिता', 'जतन' असले शब्द वापरले, आणि ती पान लावीत ऐकत राहिली. शेवटी तिला आमची दया आली असावी. म्हणाली, 'तुलशीचे लग्नाला ये.'

गोविंदप्रभूंचे लुटुपुटीचे लग्न तोवर आम्ही अनेकदा वाचले होते. विभूतीचा एक विक्षिप्त हट्ट आणि त्यातून सुदैवाने निपजलेले काव्य, असेच आम्ही ते समजत होतो. सोहळा आधी का मांडावा लागला असेल, याचा एक अर्थ आजीने पान लावता लावता सांगून टाकला.

त्या वर्षी कार्तिकात आम्ही रजा टाकून गेलो. अंगणात तुळशीवृंदावनाला ऊस बांधले होते, चिंचा-आवळे ठेवले होते, शेजारच्या पाच-सहा बाया जमल्या होत्या. आजी पाटावर बसली आणि सुरू झाली. आवाज चिरकत होता. मध्ये ती अडखळली. एक शब्द तिला सापडेना. ती त्या शब्दाआधीची ओळ पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, चौथ्यांदा शेजारची एक म्हातारी पुढची ओळ बोलली, आणि गाडी पुढे गेली. कॅसेटची एक बाजू भरली आणि आम्ही ती उलटायला विसरलो, कारण दोघीही ऐकत बसलो होतो. चूक कुणाची यावर अजून वाद आहे. ध्वनिमुद्रण आहे ते तीस मिनिटांचे. तिने त्या रात्री गायले ते दोन तासांच्या पुढे.

२००८ मध्ये ती गेली.

कॅसेटवरून आम्ही उतरवून घेतलेली वही आमच्याकडे आहे. परवा ती उघडली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, जी तेव्हा आली नव्हती. वहीत 'पाणी' आहे. 'डोळा' आहे. 'मळा', 'केळ', 'सोळा' आहे. कॅसेटवर यांतले काही नाही. आम्ही दोघींनी, भाषाशास्त्राचा पेपर उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेल्या दोघींनी, कान लावून ऐकताना हाताने ते सुधारून घेतले होते, आणि एकदाही थबकलो नव्हतो.

या मधल्या काळात गाव बदलले. त्याची कारणे काही गूढ नाहीत. मुंबई-नाशिक महामार्ग जवळ, बंदर आणि मुंबई हाकेच्या अंतरावर, आणि मुंबईत २०१७ पर्यंत जकात होती. तेव्हा माल शहराच्या हद्दीबाहेर साठवायचा तर भिवंडीच्या खेड्यांतली भातशेती ही सोन्याहून मोलाची जागा ठरली. माणकोली, दापोडे, वळ, पूर्णा, काल्हेर, राहनाळ. या नावांना आता साऱ्या देशातले व्यापारी ओळखतात, आणि त्यांतल्या 'ण' आणि 'ळ'चे काय करायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. जिथे आमच्या आया वाकत तिथे निळ्या-पांढऱ्या पत्र्यांची गोदामे आहेत आणि पावसाळ्यात कंटेनर चिखलात रुततात. आमच्याही घरची शेती गेली. आमच्या भावांनी ती विकली तेव्हा आम्ही हळहळलो. त्यावर भावाने विचारले की तुमच्यापैकी कोण परत येऊन आवणी करणार आहे. उत्तर नव्हते. त्या पैशांतून घर पक्के झाले, काकांचे ऑपरेशन झाले, मुले शिकली. गावाने बदलू नये असे वाटणारी माणसे बहुधा गाव सोडून गेलेली असतात, हे आमच्याकडे पाहून कुणीही सांगेल.

२०२५ च्या फेब्रुवारीत त्याच थोरल्या भावाच्या मुलीचे लग्न झाले. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळून तेव्हा चार-पाच महिने झाले होते, रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालेले होते, आणि त्याच महिन्यात दिल्लीला लोकसाहित्याच्या अभ्यासक तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले होते. आम्ही व्याख्यानांत महदंबेचे नाव घेऊन टाळ्या मिळवीत होतो. भाचीने तिकडे एक दिवस फोन करून सांगितले, की तिला लग्नात धवला हवा आहे. तिने मोबाईलवर कुठल्याशा धवलारणीची गाणी ऐकली होती. ती पुण्यात संगणकाची नोकरी करते, तिचे उच्चार आमच्यापेक्षाही 'शुद्ध' आहेत, आणि तिला यात लाजण्यासारखे काय आहे हेच ठाऊक नव्हते. 'पणजी धवलारीन होती ना?' तिने विचारले. 'धवलारीन'. तो शब्द तिने मोबाईलवर जसा ऐकला तसाच उचलला होता.

आमच्या गावात आता धवले येणारी कुणी नाही. खाडीकाठच्या दुसऱ्या एका गावाहून एक साठीची बाई आली. मांडवात बसण्याआधी तिने विचारले, तुमच्या घरात कंचे धवले म्हणतात? घराघरांत, गावागावांत फरक असतो. देव वेगळे असतात, वाटा वेगळ्या असतात. घरातल्या सगळ्या बायांनी आमच्याकडे पाहिले. कॅसेट वाजवायला आता घरात यंत्र नव्हते. आम्ही वही काढली. बाईंना वाचता येत नव्हते, तेव्हा आम्हीच वाचून दाखवू लागलो. एक ओळ एकीने, पुढची दुसरीने. व्याख्यानात वाचतो तसे, सावकाश, स्पष्ट, जीभ जिथे वळायला हवी तिथे वळवून.

तिसऱ्या-चौथ्या ओळीला ती बाई पदर तोंडाला लावून हसू लागली. मग आमच्या मोठ्या काकू हसल्या, मग सगळा मांडव. 'पुरे गो,' ती म्हणाली, 'मना समजला,' आणि तीच ओळ तिने उचलली, 'ळ' चा 'ल' करून, आजीच्या चालीहून थोड्या वेगळ्या चालीत. बायांनी ती झेलली. आम्हीही झेलायचा प्रयत्न केला. दुसरी ओळ येईपर्यंत आम्ही एक शब्द मागे होतो.